विमान येतंय म्हणून आठ खोल्या वाढवू का?

मालवण तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"समुद्रापासून पाच मिनिटांवर आमचं घर आहे. सहा खोल्यांचा होमस्टे मी आणि सासूबाई चालवतो. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात खोली शिल्लक नसते. एरवी दोन-तीन खोल्या जातात. चिपीला, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग विमानतळावर, विमान सुरू झालं तेव्हा सगळे म्हणाले, आता दिवस पालटले. तीन वर्षांत मुंबईचं विमान बंद पडलं. आता पुन्हा नवीन विमानसेवा, गोव्याचा मोपा विमानतळ, नवी मुंबई अशा बातम्या रोज येतात. आठ खोल्या वाढवायच्या तर बँक तीस लाख द्यायला तयार आहे. मुलगा पुण्याची नोकरी सोडून मदतीला येतो म्हणतो. विमानाच्या भरवशावर कर्ज काढू का? आणि सरकारने विमानसेवा खुली केली असं म्हणतात, तर मग ही विमानं येतात काय, जातात काय, हे असं का?"

ताई, नमस्कार.

आठ खोल्या आत्ता बांधू नका. परवानगी मिळत असेल तर चार बांधा, त्याही विमानाच्या भरवशावर नाही, जागा नाही म्हणून तुम्ही परत पाठवलेल्या पाहुण्यांच्या भरवशावर. मुलाने आणखी एक हंगाम नोकरी धरून ठेवावी. असं का म्हणतो ते आता सविस्तर सांगतो. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचा हिशेब त्यावर उभा आहे.

१९५३ च्या कायद्याने देशातली नियमित विमानसेवा सरकारी महामंडळांच्या हाती गेली. कुठल्या गावाला विमान द्यायचं आणि भाडं किती ठेवायचं, हे सरकार ठरवत असे. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला. तेव्हापासून मार्ग, वेळ आणि भाडं विमान कंपनी ठरवते. आपण 'खुली झाली' याचा अर्थ 'कुणीही येऊ शकतं' एवढाच घेतो. पण येण्याची मोकळीक आली तशी जाण्याचीही आली. रेल्वेचा रूळ उचलून नेता येत नाही, म्हणून गाडी सहसा बंद होत नाही. विमान मात्र आज सिंधुदुर्गाला उतरतं आणि उद्या जिथे जास्त पैसे मिळतात तिथे उतरतं. त्याला सहसा कुणी अडवत नाही.

मोकळीक मिळाल्यावर कंपन्या साहजिकच मुंबई-दिल्लीसारख्या भरलेल्या मार्गांवर गेल्या. ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान अशा दुर्गम भागांत आणि इतर कमी गर्दीच्या मार्गांवर ठरावीक प्रमाणात फेऱ्या कराव्यात असा नियम सरकारने १९९४ मध्येच घातला होता, पण त्यातला नेमका कुठला मार्ग घ्यायचा ते कंपनीनेच निवडायचं होतं. त्यामुळे लहान गावं राहून गेली. मग २०१६ मध्ये 'उडान' योजना आली. तिची पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला उडाली, त्यात आपल्या नांदेडचं हैदराबादला जाणारं विमानही होतं.

उडानचं गणित समजून घ्या, तुमच्या कर्जाचा निर्णय त्यावरच आहे. कंपनी विमानातल्या साधारण निम्म्या जागा स्वस्त भाड्यात देते. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासासाठी हे भाडं २,५०० रुपये ठरलं होतं. त्या जागांवर जी तूट येईल ती सरकार भरून देतं, केंद्राच्या निधीतून ८० टक्के आणि राज्याकडून २० टक्के. उतरण्याचं आणि विमान उभं करण्याचं शुल्क माफ असतं, इंधनावरचा राज्याचा कर १ टक्का किंवा त्याहून कमी असतो, आणि त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला येऊ दिलं जात नाही. तुटीची भरपाई आणि ही मक्तेदारी मिळते तीन वर्षं. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा, अशी अपेक्षा आहे.

आता तारखा बघा. चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं आणि मुंबईची सेवा उडानखाली सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षं भरली आणि त्याच महिन्यात ती सेवा थांबली. हा योगायोग नव्हता, यात कुणाचं कटकारस्थानही नव्हतं. करार संपला, भरपाई संपली, विमान दुसरीकडे गेलं.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. महालेखापालांनी २०२३ च्या अहवालात देशभरचा हिशेब मांडला आहे. उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. भरपाई थांबल्यानंतरही मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४. हा आकडा एका कागदावर लिहून बँकेच्या फाइलला लावून ठेवा. 'नवा मार्ग मंजूर' अशी बातमी आली की तिची किंमत किती धरायची ते त्यावरून कळेल.

मुंबईच्या मार्गाला आणखी एक अडचण होती. सांताक्रूझच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. चढ-उताराची प्रत्येक वेळ मोजून दिलेली असते. ७० आसनांचं एटीआर विमान आणि १८० आसनांचं जेट, दोघांनाही एकेकच वेळ लागते. ती वेळ हाताशी असलेल्या कंपनीने लहान विमान का लावावं? नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरच्या अखेरीस तिथून उड्डाणं सुरू झाली. त्यामुळे हा गळा थोडा मोकळा होईल, पण त्याचा अर्थ चिपीला गर्दी होईल असा लावू नका. बोरिवलीचा माणूस नवी मुंबईपर्यंत पोहोचला की पनवेल स्टेशन त्याच्या दारात आहे. घर ते विमानतळ, तपासणीचा वेळ, सव्वा तासाचं उड्डाण, पुढे चिपी ते मालवण, असं सगळं धरलं तर पाच तास सहज जातात. वंदे भारत त्याला पावसाळा सोडून सहा तासांच्या आसपास कणकवलीला सोडते, तेही चौघांच्या तिकिटांत घर न विकता.

यावरून आमचं स्पष्ट मत असं, की मुंबईचं विमान हे तुमच्या धंद्याचं मुख्य साधन कधीच होणार नाही. मुंबईकराला पर्याय आहेत. ज्याला पर्याय नाही तो बंगळुरू आणि हैदराबादचा पाहुणा. त्याच्यासाठी विमान नसेल तर मालवण नकाशावरच नाही. मार्च २०२४ पासून फ्लाय९१ या कंपनीने याच दोन शहरांतून सिंधुदुर्गाला विमान सुरू केलं, ऑगस्टअखेरीस पुण्याहूनही. दूरचा पाहुणा दोन रात्रींसाठी येत नाही, तीन-चार रात्री राहतो, आणि त्याच्या सुट्ट्या आपल्या जोडसुट्ट्यांशी जुळतातच असं नाही. म्हणजे तुमच्या मंगळवार-बुधवारच्या रिकाम्या खोल्या भरायची शक्यता त्याच्यात आहे. विमानाचा खरा फायदा हा आहे.

पण तो किती, हेही मोजू. एटीआरमध्ये ७० आसनं. तीन चतुर्थांश भरलं तर ५२ माणसं उतरली. त्यातले अर्धे तरी गावाकडे निघालेले चाकरमानी, कामाला आलेले लोक, असं धरा. उरले २६ पर्यटक. दोघांना एक खोली म्हणजे १३ खोल्या. सरासरी तीन रात्री राहिले तर कुठल्याही एका रात्री त्या विमानामुळे ३९ खोल्या भरलेल्या असतील. ही झाली रोजच्या विमानाची गोष्ट. आठवड्यातून तीनच दिवस असेल तर सरासरी १७ खोल्या. आणि या १७ खोल्या तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला, सावंतवाडी, आंबोली, सगळ्यांत वाटल्या जाणार. तुमच्या वाट्याला किती येतील ते तुम्हीच ठरवा. आमचा 'निम्मे पर्यटक' हा अंदाज चुकला, तरी आकडा दुपटीपलीकडे जाणार नाही.

याउलट मोपा बघा. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू आहेत. धावपट्टी साडेतीन किलोमीटरची, चोवीस तास चालणारा विमानतळ, रोज डझनावारी जेट विमानं, देशभरातून. गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ, त्यामुळे तिथे नागरी विमानांना वेळेची बंधनं होती. मोपाला ती नाहीत. बांदा ओलांडलं की विमानतळ, आणि तुमच्याकडून रस्त्याने दोन तासांच्या आसपास. कागदावर हा गोव्याचा विमानतळ असला तरी तुमच्या दृष्टीने तो सिंधुदुर्गाचाही आहे. तिथे एक कंपनी गेली तर दुसरी येते. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा तिची विमानं मोपाहूनही थांबली, तरी विमानतळ चालूच राहिला. चिपीला एक कंपनी थांबली की दिवसाचं वेळापत्रकच कोरं होतं. म्हणून तुमच्या जाहिरातीत, गूगलच्या पानावर, बुकिंगच्या संकेतस्थळावर 'चिपीपासून तासाभराच्या आत' याच्या आधी 'मोपा विमानतळापासून दोन तास' हे लिहा.

परवानगी, विमान आणि पाहुणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला महाराष्ट्रातलंच एक उदाहरण पुरेसं आहे. आग्नेय आशियातल्या देशांच्या विमान कंपन्यांना भारतातल्या १८ पर्यटनस्थळांवर हव्या तितक्या फेऱ्या करायची मुभा बरीच वर्षं आहे. त्या यादीत गोवा आहे, गया आहे आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगरही आहे. गयेला हिवाळ्यात थायलंड, म्यानमारहून विमानं येतात, कारण बोधगयेला जाणारा भाविक ठरलेल्या दिवसांत, मोठ्या संख्येने, एकाच ठिकाणी येतो. अजिंठा-वेरूळजवळच्या विमानतळाला तीच मुभा होती, तरी तशी रांग लागली नाही. लेणी काही कमी मोलाची नाहीत. पण विमान भरायला एका दिवशी एका शहरातून दीडशे माणसं निघावी लागतात आणि ती निघतील अशी व्यवस्था कुणी तरी बांधावी लागते. शिर्डीला ती बांधलेलीच होती. २०१७ मध्ये विमानतळ झाला आणि चेन्नई, हैदराबाद, बंगळुरूहून मोठी जेट विमानं येऊ लागली. तिथे विमान पाहुणे आणत नाही, पाहुणे विमान आणतात.

आता तुमच्या कर्जाकडे येऊ. ३० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं. हप्ता दरमहा सुमारे ४०,५००, म्हणजे वर्षाला ४ लाख ८६ हजार. आठ खोल्यांसाठी दोन माणसं लागतील, बारा-बारा हजार पगार धरला तर २ लाख ८८ हजार. खारी हवा, गळती, एसी, रंग यांना वर्षाला लाखभर. एकूण पावणेनऊ लाख. खोलीचं भाडं २,५०० धरा. त्यातून बुकिंग संकेतस्थळाचं कमिशन ४०० च्या आसपास, नाश्ता, धुलाई, वीज मिळून ७००. हातात राहिले १,४००. म्हणजे नुसतं फिटंफाट व्हायला वर्षाला ६२४ खोली-रात्री विकाव्या लागतील, दर खोलीमागे ७८.

ऑक्टोबर ते २५ मे या काळात ३४ आठवडे येतात. शुक्रवार-शनिवारच्या रात्री ६८, आणि दिवाळी-नाताळ-मे मधल्या जादा २५ धरल्या तर ९३. म्हणजे आठही नव्या खोल्या जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी भरल्या तर कर्ज फिटेल, तुमच्या स्वतःच्या मेहनतीचा मोबदला न धरता. चार खोल्या, १५ लाख, एक माणूस असा हिशेब केला तरी खोलीमागे ७८ रात्रीच येतात. मग फरक काय? फरक असा, की भरलेल्या शनिवारी तुमच्याकडे आणखी चार खोल्यांची मागणी असणं वेगळं आणि आठ खोल्यांची असणं वेगळं. हे तुमच्याखेरीज कुणालाच माहीत नाही.

ते शोधायचा मार्ग सोपा आहे. तुमची बुकिंगची जी वही असेल तिच्यात मागच्या बाजूला एक पान आखा. तारीख, किती खोल्या मागितल्या, कुठून फोन होता, येणार कसे होते, आणि आपण 'नाही' म्हटलं की त्यांनी स्वतः नको म्हटलं. असं दिसेल: '२७ डिसें., २ खोल्या, बेळगाव, गाडीने, जागा नाही.' पाहुणा आला तर तोच रकाना त्याच्यासाठीही भरा, चहा देताना विचारा: गाडीने आलात, कणकवलीला उतरलात, की मोपाहून? एक हंगाम ही वही भरली की बँकेच्या माणसापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. मोपाहून येणारे पाहुणे दहात एक आहेत की तीन, हे त्यात दिसेल. दर शनिवारी निदान चार खोल्यांना नाही म्हणावं लागत असेल तर चार खोल्या बांधा. पुढच्या चारांचा पाया तेव्हाच घालून ठेवलेला बरा, भिंती मात्र पुढच्या हंगामात पहिल्या चार भरल्या तरच.

चार खोल्यांचा आणखी एक फायदा आहे. राज्याच्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात महिलेच्या नावावरच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परत मिळण्याची तरतूद आहे. होमस्टे तुमच्या नावावर असेल तर पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात अटी आणि कागदपत्रं नीट विचारून घ्या, आणि कर्जावर सही करण्याआधी विचारा, नंतर नाही. होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणाही २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे, तेही बँकेत विचारा.

जीएसटीचं लक्षात ठेवा. आज सहा खोल्यांवर तुमची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल. चार खोल्या वाढल्यावर ती त्याच्या वर गेली तर नोंदणी करावी लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के कर आहे, पण सिमेंट, फर्निचरवर भरलेला कर परत मिळत नाही. २,५०० ची खोली पाहुण्याला २,६२५ ला पडेल. दर आत्ताच त्या बेताने ठेवा.

विमानाची बातमी आली तर ती कशी वाचायची? बातमी बाजूला ठेवा आणि कंपनीच्या तिकीटविक्रीच्या पानावर जाऊन नव्वद दिवसांनंतरचं तिकीट काढायचा प्रयत्न करा. वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या तारखेच्या पलीकडचं तिकीट विक्रीला असेल तर कंपनीचा विचार पक्का आहे. नसेल तर थांबा. मग बघा, आठवड्यातून किती दिवस, आणि विमान किती वाजता येतं. दुपारी तीनला उतरणारं आणि साडेतीनला परत जाणारं विमान पाहुण्याचे दोन अर्धे दिवस खातं. शेवटी हे विचारा, की मार्गाला सरकारी भरपाई आहे का आणि ती कधी संपते. ती तारीख तुमच्या कर्जाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत येत असेल तर त्या तारखेनंतर विमान नाही असंच धरून हिशेब करा.

लहान विमानांचं आणखी एक बघायला हवं. एकच एटीआर सकाळी एका शहरातून निघून दिवसभरात चार-पाच ठिकाणं फिरतं. सकाळी बंगळुरूला धुकं पडलं तर दुपारी चिपीचं विमान उशिरा येतं किंवा येतच नाही, कारण बदली विमान जवळ नसतं. पावसाळ्यात ढग खाली आले की विमान दुसरीकडे वळतं. मोठ्या कंपन्यांचंही होतं. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहाहून जास्त त्याच कंपनीने जातात, त्यामुळे सगळीकडे एकदम गोंधळ उडाला आणि सरकारला काही काळ भाड्यांवर कमाल मर्यादा घालावी लागली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये. नेमके नाताळच्या तोंडावरचे दिवस होते.

अशा वेळी पाहुण्याला विमान कंपनी तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान देते. आयत्या वेळी, कंपनीच्या कारणाने रद्द झालं तर प्रवासाच्या वेळेनुसार ठरलेली भरपाईही असते, हवामानामुळे झालं तर नसते. तुमच्या खोलीचे पैसे मात्र कंपनी कुणालाच देत नाही. तो वाद तुमच्या आणि पाहुण्याच्या मध्ये येतो. म्हणून बुकिंग घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एकच मजकूर पाठवत जा: आगाऊ ३० टक्के, विमान रद्द झाल्याचा कंपनीचा संदेश दाखवल्यास ती रक्कम सहा महिन्यांत कधीही वापरता येईल, रोख परत मिळणार नाही. विमानाने येणाऱ्याकडून उड्डाण क्रमांक आधीच घेऊन ठेवा, म्हणजे विमान कुठे आहे ते तुम्ही फोनवर बघू शकाल, आणि जेवण गरम ठेवायचं की नाही ते कळेल. परतीचं विमान चिपीचं असेल तर दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका, असं पाहुण्याला आधीच सांगा. असं सांगितल्याने बुकिंग जात नाही, उलट विश्वास बसतो.

मोपाच्या पाहुण्याची खरी अडचण दोन तासांच्या रस्त्याची नसते, गाडीची असते. रात्री अकराला उतरून अनोळखी भागात गाडी शोधायची म्हटलं की तो कळंगुटला खोली घेतो. तुमच्या गावातले पर्यटक परवान्याचे दोन-तीन गाडीवाले ठरवा, एकच लेखी दर ठेवा, टोल आणि विमानतळावरचं शुल्क त्यात धरा, आणि तो दर खोलीच्या दराशेजारीच लिहा. बाहेरच्या गाडीने विमानतळावरून प्रवासी घेण्याचे नियम गाडीवाल्याने आधी विचारून घ्यावेत, नाहीतर पाहुण्याच्या पहिल्याच तासात भांडण बघायची वेळ येते. रात्री उशिराच्या पाहुण्यासाठी दार कोण उघडणार, हेही ठरवा. सासूबाईंना दोनदा जागावं लागलं तर तिसऱ्या वेळी तुम्हीच नाही म्हणाल.

बंगळुरू-हैदराबादच्या पाहुण्यासाठी आठवड्यामधलं पॅकेज विमानाच्या दिवसांशी जुळवा. विमान सोमवारी आणि शुक्रवारी असेल तर पॅकेज चार रात्रींचं, 'मंगळवार ते गुरुवार' असं नको. पॅकेजमध्ये शाकाहारी ताट वेगळं दाखवा. किल्ल्याची होडी आणि स्कूबा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, हे स्पष्ट लिहा. जूनमध्ये विमान स्वस्त बघून आलेला पाहुणा किनाऱ्यावर उभा राहून नाराज होतो आणि तुम्हाला दोन तारे देऊन जातो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बँक विचारत नाही. समुद्र पाच मिनिटांवर म्हणता, तर भरतीच्या कमाल रेषेपासून तुमचं घर किती मीटरवर आहे ते किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशावर बघा. खाडी जवळ असेल तर खाडीपासूनही. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण, विरळ वस्तीच्या भागात पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं, दाट वस्तीत ५० मीटर. या पट्ट्यात किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांना होमस्टे चालवता येतो, पण असलेल्या घरात, जोत्याचं क्षेत्रफळ, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. म्हणजे तुमची जागा त्यात येत असेल तर आठ काय, चार नव्या खोल्यांचाही प्रश्न मिटतो, आणि पैसा असलेल्या खोल्या सुधारायला लावायचा. शेजाऱ्याने बांधलं म्हणून आपणही बांधू, असं करू नका. नोटीस आल्यावर हप्ता थांबत नाही. 'निवास-न्याहारी' योजनेखाली नोंदणी असेल तर तिथे खोल्यांनाही मर्यादा आहे, ती ओलांडली की वीज आणि घरपट्टी घरगुती दराने राहत नाही. विहिरीला मे महिन्यात दहा खोल्यांचं पाणी पुरतं का, तेही याच वर्षी मोजा.

मुलाचं: त्याला येऊ द्यायचं असेल तर आधी पुण्यातच बसवा. बुकिंगची संकेतस्थळं, गूगलचं पान, दक्षिणेकडच्या पाहुण्यांचे इंग्रजी फोन, गाड्यांची जुळवाजुळव, हे सगळं पुण्यातून होतं. ऑक्टोबर ते मे त्याने ते सांभाळावं आणि वहीतला आठवड्यामधल्या पाहुण्यांचा आकडा दर महिन्याला बघावा. सोमवार ते गुरुवार सरासरी दोन-तीन खोल्यांवरून चारच्या वर गेला आणि चार महिने तिथे राहिला, तर त्याच्या पगाराची सोय घरातून होऊ शकते. तोवर तलाठ्याकडून सातबारा आणि मोजणीचा नकाशा काढून ठेवा. किनारा क्षेत्राच्या चौकशीला, बँकेला आणि पर्यटन कार्यालयाला, तिन्ही ठिकाणी ते लागतील.